बाल्कनीला घाबरतो कोण!

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी चर्चच्या बाल्कनीत बसतो ते माझ्या मर्जीनं. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या आमच्या भागात, आणि विशेषतः लिओटिसच्या सलूनमध्ये, याबद्दल जे बोललं जातं त्यात फारसं तथ्य नाही. जे थोडंफार आहे ते मी स्वतःच सांगून टाकतो, म्हणजे लोकांना तिखटमीठ लावायला जागा उरणार नाही.

आमच्या चर्चमध्ये आठ जणांची फँटसी बेसबॉलची लीग आहे. संघ नुसते मनातले, खेळाडू मात्र खरे. मार्चमध्ये खरे खेळाडू आपसांत वाटून घ्यायचे आणि सप्टेंबर संपेपर्यंत ते मैदानावर जे काही दिवे लावतील त्याचे गुण आपल्या नावावर. खेळायला पैसे लावले तर तो जुगार, आणि जुगार म्हटला की बाप्टिस्ट माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून आम्ही पैशाऐवजी जागा लावली. जो शेवटचा येईल त्यानं चर्चमधली आपली नेहमीची जागा सोडायची आणि पुढचं वर्षभर बाल्कनीत, त्या खडखडणाऱ्या एसीखाली बसायचं.

माझी जागा कोणती, हे सांगितल्याशिवाय या शिक्षेची धार कळायची नाही. दुसरा बाक, मधल्या वाटेला लागून. आमचे रेव्हरंड गेन्स प्रवचन नुसतं सांगत नाहीत. त्यांचं प्रवचन आधी चालतं, मग पळतं आणि शेवटी गायला लागतं. वाक्य तुटतं, मागून ऑर्गन ते उचलून धरतो, रेव्हरंड श्वास घेतात, आणि तो श्वास आणि पुढचा शब्द यांच्यामधल्या फटीत आपलं 'आमेन' नेमकं समेवर पडावं लागतं. लवकर पडलं तर आगाऊपणा, उशिरा पडलं तर झोप लागली होती असा लोकांचा समज. दुसऱ्या बाकावरून रेव्हरंडांचा श्वास ऐकू येतो. पाणीखात्यात हेडक्लार्क म्हणून जन्म घालवलेल्या माणसाला आयुष्यात एकच कला साधली असेल तर ती ही, आणि ती दुसऱ्या बाकावरूनच साधते.

तेव्हा मी सप्टेंबरच्या सुरुवातीला घरात जाहीर केलं, "काहीही झालं तरी मी बाल्कनीत बसणार नाही. याच शहरात माझ्या वडिलांना काळे म्हणून सिनेमा थिएटरात वर बाल्कनीत बसवत होते. त्यांचा मुलगा त्या जिन्यावर पाऊल ठेवणार नाही!"

"तुझे वडील सिनेमाला कधी गेलेच नाहीत," माझी बायको व्हरडेल भेंडी चिरता चिरता म्हणाली. "त्यांना तिकिटाचे पैसे जड जायचे."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, व्हरडेल."

"तत्त्व राहू दे. तू आठवा आहेस. सातवा हो, म्हणजे झालं."

बायकांना तत्त्वाचं वावडं असतं, पण हिशेब पक्का असतो. खरंच, मला फक्त एक पायरी चढायची होती. सातव्या क्रमांकावर आमच्या चर्चचा एक पदाधिकारी, डीकन लॅटिमोर होता. हा माझ्या मागे, तिसऱ्या बाकावर आतल्या बाजूला बसतो. त्याचा गुडघा धरतो, म्हणून पाय पसरायला वाटेलगतची जागा मिळावी, असं तो गेली कित्येक वर्षं माझ्या मानेकडे बघत बोलत आलाय.

आता माझा संघ तळाला का गेला? याचं उत्तर एका माणसात आहे. जार्व्हिस. आमच्याच चर्चमध्ये लहानाचा मोठा झालेला, आता मोठ्या संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, असलेला पोरगा. त्याची आजी मदर ऑगस्टा (चर्चमधल्या वडीलधाऱ्या बाईला आम्ही मदर म्हणतो) माझ्याच बाकावर, माझ्या शेजारी बसते. मार्चमध्ये आम्ही खेळाडू निवडत होतो तेव्हा ती हातानं केलेला पाउंड केक घेऊन हॉलमध्ये आली आणि केक वाटता वाटता म्हणाली, "माझ्या जार्व्हिसला कोण घेणार?" सात जणांना आपापल्या बुटांच्या नाड्या आठवल्या. माझ्या तोंडात केकचा मोठा तुकडा होता. तो इतका अप्रतिम होता की मी डोळे मिटून मान डोलावली. लीगची वही सांभाळणाऱ्या सिस्टर ओडेसानं ती मान होकार म्हणून नोंदवून टाकली.

जार्व्हिसचा चेंडू एके काळी गोळीसारखा यायचा. या वर्षी तो यायच्या आधी समोरच्याला कळवून यायचा. त्याच्या चेंडूवर ज्याला होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेरचा फटका, मारता आला नाही त्यानं दुसरा धंदा बघावा, अशी परिस्थिती. आणि पिचरनं मार खाल्ला की आमच्या लीगमध्ये गुण कापले जातात.

सल्ल्यांना तोटा नव्हता. लिओटिस न्हावी माझ्या गालाला साबण लावून, म्हणजे मला बोलता येऊ नये याची खात्री करून म्हणाला, "टॉलिव्हर, त्या पोराला सोड. आजच्या आज सोड. माझ्या खुर्चीत बसणारा आंधळा म्हाताराही तेच म्हणतो."

"म्म्," मी म्हणालो.

"आजीला घाबरतोस?"

"म्म्!" मी म्हणालो. याचा अर्थ 'मी कुणाला घाबरत नाही' असा होता. साबणामुळे तो पोहोचला नाही.

सोडून देणं मला शक्य नव्हतं. पण सोडणं वेगळं आणि देणं वेगळं. मुलीला सासरी पाठवतात त्याला कुणी टाकून दिलं म्हणत नाही. मी लॅटिमोरला गाठलं. जार्व्हिस आणि वर एक बरा फटकेबाज घे, त्याबदल्यात तुझा शॉर्टस्टॉप, तो चपळ क्षेत्ररक्षक, दे. लॅटिमोर लगेच तयार झाला. तिथंच मला संशय यायला हवा होता. त्याला फटकेबाज हवा होता, आणि जार्व्हिसला तो दुसऱ्याच दिवशी सोडून देणार होता. मदर ऑगस्टा त्याच्या शेजारी थोडीच बसत होती!

पण आमच्या लीगमध्ये अदलाबदल म्हणजे दोन बटणं दाबणं नव्हे. लीगचा कारभार सिस्टर ओडेसाकडे आहे, आणि ती चर्चची चिटणीससुद्धा आहे. चर्चचं छप्पर आणि आमचा शॉर्टस्टॉप यांत तिच्या लेखी काही फरक नाही.

"प्रस्ताव कुणाचा?"

"माझा."

"अनुमोदन?"

"लॅटिमोरचं."

"तो लाभार्थी आहे, ब्रदर टॉलिव्हर. लाभार्थ्याला अनुमोदन देता येत नाही. तिसरा माणूस आणा आणि बुधवारी बायबल क्लासनंतर या."

तिसरा माणूस म्हणून मी आमच्या ऑर्गनवाल्याला आणलं. बुधवारी बायबल क्लास झाला. मग गाड्या लावायच्या जागेवर पट्टे पांढरे मारायचे की पिवळे, हा विषय निघाला. पांढरे म्हणणारे आणि पिवळे म्हणणारे दोन्ही पक्ष शास्त्राचे दाखले देऊ लागले. माझा शॉर्टस्टॉप पुढच्या बुधवारवर ढकलला गेला.

"तोपर्यंत," सिस्टर ओडेसा चष्म्यावरून म्हणाली, "तुमचे दोघांचेही संघ आहेत तसे राहतील. प्रस्ताव प्रलंबित असताना हलवाहलव नाही."

त्या आठवड्यात माझ्या एका फटकेबाजाचं मनगट मुरगळलं. त्याला बाहेर बसवायची सोय नव्हती. तो आठवडाभर हाताला बर्फ लावून बसला आणि मी शून्याला शून्य जोडत बसलो. लॅटिमोरचे सगळे ठणठणीत होते. न्याय आंधळा असतो म्हणतात. आमच्याकडे तो आंधळा नाही, त्याला फक्त अनुमोदन लागतं.

आणि मग भांडं आलं.

व्हरडेलनं मागे मदर ऑगस्टाकडे काचेच्या मोठ्या भांड्यातून मॅकरोनी पाठवली होती. आमच्याकडे कुणाचं भांडं कधी रिकामं परत जात नाही. निदान दोन बिस्किटं, अंगणातले चार टोमॅटो, काहीतरी त्यात घालूनच जातं. शनिवारी सकाळी दारात ते भांडं होतं. स्वच्छ घासलेलं. लखलखीत. रिकामं.

व्हरडेलनं झाकण उचललं, परत ठेवलं, परत उचललं. जणू काही दुसऱ्यांदा उचलल्यावर आत पीच कॉबलर, म्हणजे पीचच्या फोडींचा तो गरम गोड पदार्थ, सापडणार होता.

"रूफस," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. शांत आवाजाला मी पाणीखात्याच्या बड्या साहेबापेक्षा जास्त भितो. "तू काय केलंस?"

"मी कुठे काय केलं?"

"आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरात रिकामं भांडं आलेलं नाही. माझ्या आईच्या घरातही आलं नव्हतं. तू त्या बाईच्या नातवाला विकायला काढलंस!"

"विकायला नाही. अदलाबदल..."

"शॉर्टस्टॉपसाठी!" ती म्हणाली. शॉर्टस्टॉप हा शब्द तिनं असा उच्चारला की त्या बिचाऱ्याच्या आईलासुद्धा लाज वाटावी.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मदर ऑगस्टा माझ्या शेजारी बसली होती. पण मधे तिनं आपली पर्स ठेवली होती. पर्स मोठी होती. रेव्हरंड गाऊ लागले आणि माझं 'आमेन' आयुष्यात पहिल्यांदा चुकलं. ऑर्गनवाल्यानं वळून बघितलं. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठा अपमान नाही.

बुधवारी मी उठून उभा राहिलो. "मी प्रस्ताव मागे घेतो."

"मागे घ्यायलाही प्रस्ताव लागतो," सिस्टर ओडेसा म्हणाली.

"मग मी तो मांडतो! आणि अनुमोदन मिळो न मिळो, आत्ता सगळ्यांसमोर सांगतो, जार्व्हिस माझ्याकडे राहणार. मोसम संपेपर्यंत राहणार. त्यानं रोज मार खाल्ला तरी राहणार. कुणाला काय म्हणायचंय ते म्हणा!"

मागून हातपंख्याच्या दांडीचा बाकावर एक ठोका ऐकू आला. मदर ऑगस्टा. अनुमोदन मिळालं.

त्याच आवेशात मी घरी जाऊन जार्व्हिसला खेळणाऱ्यांत घालून ठेवलं. त्याच्या संघानं एव्हाना त्याला बसवून ठेवलं होतं, पण खेळणार नसला तरी नाव दिसू दे, म्हटलं. दिसू दे जगाला. देवालाही हे आवडलं असावं, कारण त्यानंतर माझे उरलेले खेळाडू अंगात वारं शिरल्यासारखे खेळू लागले. मुरगळलेल्या मनगटानं दोन होमरन मारले. लॅटिमोरच्या शॉर्टस्टॉपला, ज्याच्यासाठी मी बदनाम झालो, त्याला सर्दी झाली. मोसमाचा शेवटचा रविवार उजाडला तेव्हा मी सातवा होतो आणि लॅटिमोर आठवा. फरक अगदी थोडा, पण फरक तो फरक. त्या दिवशी त्याचा एकही भरवशाचा माणूस खेळत नव्हता. मला फक्त काही न करता बसायचं होतं. काही न करण्यात सरकारी नोकरीतला माणूस कधी कमी पडत नाही.

मी नवा कोट घालून दुसऱ्या बाकावर बसलो. पर्स आता मधे नव्हती. भजन झालं, दानाचं ताट फिरलं, रेव्हरंड व्यासपीठावर आले. तेवढ्यात माझ्या मानेवर गरम श्वास आला. लॅटिमोर.

"ब्रदर टॉलिव्हर, बातमी ऐकलीस का?"

"प्रवचन सुरू होतंय."

"त्यांच्या आजच्या पिचरचं पोट बिघडलंय. ऐन वेळी जार्व्हिसला उभा करतायत." तो इतक्या प्रेमानं बोलत होता की त्यानं माझ्या खांद्यावर हातही ठेवला. "आणि तो तुझ्या खेळणाऱ्यांत आहे. आहे ना? तू म्हणाला होतास, मोसम संपेपर्यंत राहणार."

आमच्याकडे रविवारचा सामना बाराच्या सुमारास सुरू होतो आणि रेव्हरंड गायलाही बाराच्याच सुमारास लागतात. सामना सुरू झाला की नावं बदलता येत नाहीत. लीगमधले बाकीचे लोक स्तोत्रांच्या पुस्तकात फोन लपवून हे उद्योग करतात. मी कधी केले नाहीत. देवाचा माणूस गात असताना मी आयुष्यात फोन हातात घेतला नव्हता. पण एक बोट, फक्त एक बोट लावायचं, जार्व्हिसला बाहेर बसवायचं, आणि ही जागा, हा श्वास, हा ऑर्गन वर्षभर माझा. न लावलं तर वर तो एसी. मी कोटाच्या आत फोन काढला.

चर्चच्या भिंती जाड. पडद्यावर एक गोल फिरत राहिला.

रेव्हरंडांनी अंजिराच्या झाडाचा दाखला घेतला होता. फळ न देणारं झाड आणि त्याचा मालक. अजून ते चालत होते.

"मालक आला," ते म्हणाले. "बागेत शिरला. झाडाकडे बघितलं. फळ आहे का?"

"नाही!" चर्च म्हणालं.

"गेल्या वर्षी होतं का?"

"नाही!"

"मालक म्हणाला, तोडा ते! जागा अडवून बसलंय!"

फोनवर माझा संघ उमटला. जार्व्हिसचं नाव. शेजारी ते बटण. माझा अंगठा त्याच्यावर.

आणि रेव्हरंड गायला लागले. ऑर्गन खालून वर आला. "पण माळी... हां!... माळ्याच्या हातात खुरपं होतं... हां!... तो म्हणाला, धनी... ऐका माझं... मी याच्या मुळाशी खणतो... हां!... खत घालतो... तोडू नका, धनी..."

"राहू दे!" चर्च उठलं.

"याही वर्षी..."

"राहू दे!"

"लोक हसतील..."

"राहू दे!"

माझ्या शेजारी मदर ऑगस्टा उठून उभी राहिली होती. डोळे मिटलेले. हातपंखा छातीशी धरलेला. ती ओरडत नव्हती. ती माझ्याशीही बोलत नव्हती. अगदी हळू, स्वतःशी म्हणत होती, "राहू दे, देवा. पोरगा आहे. राहू दे."

आता तुम्हीच सांगा. त्या क्षणी त्या बटणावर ज्याचा अंगठा दाबला जाईल तो माणूस बाल्कनीतच काय, तळघरातही बसायच्या लायकीचा नव्हे. मी फोन खिशात कोंबला, उठलो, आणि श्वास आणि शब्दाच्या मधल्या फटीत, बरोबर समेवर, छताची धूळ खाली येईल असा ओरडलो, "राहू दे!"

रेव्हरंडांनी माझ्याकडे बोट केलं. "ब्रदर टॉलिव्हरला माहितीय!"

ब्रदर टॉलिव्हरला पुढच्या तासात काय होणार याची काहीही माहिती नव्हती.

प्रार्थनेनंतर हॉलमध्ये तळलेली कोंबडी होती. मी तंगडी हातात घेतली आणि लॅटिमोर फोन घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"पहिला चेंडू," तो म्हणाला. "गेला बाहेर."

"वारा असेल."

"दुसराही गेला."

"वारा जोराचा असेल."

"छत असलेलं स्टेडियम आहे, टॉलिव्हर."

पहिली इनिंग संपायच्या आत जार्व्हिसला मैदानातून परत बोलावलं. माझी तंगडी संपायच्या आत मी आठवा झालो. लॅटिमोर गुडघा चोळत निघून गेला. जागा आतापासून मोजायला गेला असावा.

मदर ऑगस्टा हळूहळू माझ्यापाशी आली.

"फार मार खाल्ला का रे?"

"थोडा, मदर. पण चेंडूत दम होता. दम असल्याशिवाय इतका लांब जात नाही."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुला त्याला काढता आलं असतं, रूफस. म्हातारी आहे, आंधळी नाही. शेजारच्याच्या कोटात उजेड पडला की मला दिसतो."

तंगडीचं हाड घेऊन उभा राहिलो. तिनं माझ्या गालावर पंखा हलकेच आपटला आणि निघून गेली. सोमवारी सकाळी दारात तिचं भांडं होतं. झाकण बसत नव्हतं इतका पीच कॉबलर. व्हरडेलनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाली, "आठवा तर आठवा."

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी बाल्कनीचा जिना चढलो. मान खाली घालून नव्हे. नवा कोट, नवी हॅट, आणि प्रत्येक पायरीवर बूट आपटत. खाली लोक वळून बघत होते. बघू देत. एसी खडखडत होता. प्रवचन चालत होतं तोवर मला एक शब्द कळला नाही, हे कबूल. पण मग ते पळायला लागलं, मग गायला लागलं, आणि मला कळलं की गाणाऱ्या प्रवचनाला शब्द लागतच नाहीत. एसीचाही एक ठेका होता. ऑर्गन आला, सूर वर चढला, श्वास ऐकू आला नाही तरी रेव्हरंडांचा खांदा उचललेला दिसला. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि वरून आमेन सोडलं. ते खाली पडेपर्यंत समेवर बसलं. रेव्हरंडांनी मान वर केली. "बाल्कनी! आहात ना माझ्याबरोबर?"

"आहोत!" मी एकटा म्हणालो. पुढच्या रविवारी तिथं व्हरडेल होती. त्याच्या पुढच्या रविवारी लिओटिस.

आणि खाली माझ्या जागेवर डीकन लॅटिमोर, पाय पसरून. पण पाय पसरला की त्याला मदर ऑगस्टाच्या पंख्याचा ठोका बसतो. फोन काढला की ठोका. पेंगला की ठोका. आणि प्रवचनाच्या मधोमध ती त्याच्या कानाशी लागून विचारते, "पुढच्या वर्षी माझ्या जार्व्हिसला तूच घेणार ना?" हे मला वरून स्पष्ट दिसतं.

गेल्या रविवारी तो दुखऱ्या गुडघ्यानं जिना चढून वर आला. धापा टाकत माझ्या शेजारी बसला.

"टॉलिव्हर, तुझी जागा तू परत घे. मी ओडेसाशी बोलतो. प्रस्ताव मी मांडतो."

"नियम म्हणजे नियम, डीकन."

"अरे, माझा सगळ्यात चांगला फटकेबाज घे वर!"

"मी कुठंही हलणार नाही. ना बाल्कनीतून, ना शब्दावरून."

"कुठल्या शब्दावरून?"

'राहू दे' या शब्दावरून. त्याला त्या शब्दाची आणि एका नियमाचीही आठवण करून द्यावी लागली. आमच्या लीगचा एक नियम देवाच्या राज्यातल्या नियमाशी अगदी जुळतो. जो शेवटचा, तो पुढच्या मोसमात पहिला. मार्चमध्ये हॉलमध्ये सगळे जमतील, सिस्टर ओडेसा चष्म्यावरून बघेल आणि पहिली निवड माझी असेल. देशातला कुठलाही खेळाडू. सर्वांत मोठा फटकेबाज म्हटला तरी माझा. सगळं चर्च कान टवकारून बसेल. मदर ऑगस्टा केक कापत असेल.

या वेळी माझ्या तोंडात केक नसेल. मी उभा राहून, स्वच्छ आवाजात, जार्व्हिसचंच नाव घेणार आहे.

लॅटिमोरनं माझ्याकडे बघितलं. "पुन्हा आठवा येशील."

"बाल्कनी माझ्या ओळखीची आहे," मी म्हणालो. "आता उठ, खाली जा. मदर ऑगस्टा तुला शोधतेय."

खालून पंख्याचे ठोके ऐकू येत होतेच.